रिपोर्टवर दोन्हींपुढे 'आर', मग दोन्ही एकत्र का देतायत?

प्रश्न ऐरोलीहून आलाय. वडील ६८ वर्षांचे, जुना मधुमेह. लघवीच्या मार्गातला संसर्ग रक्तात पसरला आणि ते ठाण्यातल्या एका रुग्णालयात आयसीयूत आहेत. आधी मेरोपेनेम चालू होतं. तिसऱ्या दिवशी ब्लड कल्चरचा रिपोर्ट आला, त्यात क्लेब्सिएला न्यूमोनिई नावाचा जंतू. मेरोपेनेमपुढे 'आर', सेफ्टाझिडाइम-एव्हिबॅक्टमपुढे 'आर', अॅझट्रिओनामपुढेही 'आर'. त्याच दिवशी डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं कोणती, तर सेफ्टाझिडाइम-एव्हिबॅक्टम आणि अॅझट्रिओनाम. मुलाचा सवाल सरळ आहे: नापास झालेली दोन औषधं एकत्र केली की पास कशी होतात? की रिपोर्ट न बघताच लिहिलंय? आणि जोडीला दुसरा प्रश्न: घरी जुलाब झाले की केमिस्ट दोन औषधांची मिळून एक गोळी देतो, ती याच तत्त्वावर चालते का?

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकते. रिपोर्ट बघूनच लिहिलंय, आणि नीट बघून. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असं आहे, पण त्याकडे शेवटी येते. मी ठाण्यात मायक्रोबायोलॉजीची लॅब सांभाळते. असे कागद माझ्या सहीनं बाहेर पडतात आणि त्यावरच्या 'आर'चा लोक काय अर्थ लावतात हे मला फोनवर रोज ऐकू येतं.

'आर' म्हणजे हे औषध एकट्यानं दिलं, माणसाला देता येईल तेवढ्या डोसमध्ये दिलं, तरी या जंतूवर भरवसा ठेवण्याइतकं चालणार नाही. सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे जंतूवर कोणतं औषध चालेल हे बघण्याच्या, नेहमीच्या तपासणीत प्रत्येक औषधाची परीक्षा वेगवेगळी घेतली जाते. जोडीची परीक्षा त्या कागदावर नसतेच. ती वेगळी मागवावी लागते आणि प्रत्येक लॅब ती करत नाही.

आता तुमच्या वडिलांच्या जंतूकडे येऊ. रिपोर्टच्या खालच्या टिपेत 'एनडीएम' असं लिहिलेलं तुम्ही पाठवलंय, सगळी मेख तिथे आहे. एनडीएम हे एक एन्झाइम आहे. त्याचं वर्णन पहिल्यांदा २००९ मध्ये छापून आलं. रुग्ण स्वीडनचा, पण आधी दिल्लीत उपचार घेतलेला, म्हणून नावातलं 'एनडी' म्हणजे नवी दिल्ली. यावरून तेव्हा आपल्याकडे बराच गदारोळ झाला होता, पण नावावर रुसून जंतू जात नाही. हे एन्झाइम पेनिसिलिनचं सगळं कुटुंब, सेफॅलोस्पोरिन आणि मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम औषधं तोडून टाकतं. एकाच औषधाशी त्याचं जमत नाही, ते म्हणजे अॅझट्रिओनाम. त्याची रासायनिक घडण थोडी वेगळी आहे, एनडीएमला ते नीट पकडता येत नाही.

मग अॅझट्रिओनामपुढे 'आर' कसा आला? कारण असा जंतू सहसा एकाच एन्झाइमवर थांबत नाही. एनडीएमच्या बरोबरीनं त्याच्याकडे ईएसबीएल गटातली जुनी एन्झाइम असतात, आणि ती अॅझट्रिओनाम आरामात तोडतात. म्हणजे एनडीएमच्या तावडीतून सुटलेलं औषध ईएसबीएलच्या हाती सापडतं.

इथे एव्हिबॅक्टम कामाला येतं. एव्हिबॅक्टम स्वतः जंतू मारण्यासाठी नाहीच. ते ईएसबीएलसारख्या एन्झाइमला जाऊन चिकटतं आणि त्यांना निकामी करतं. एनडीएमपुढे मात्र त्याची मात्रा चालत नाही. म्हणून सेफ्टाझिडाइम-एव्हिबॅक्टम एकटं दिलं तर एनडीएम सेफ्टाझिडाइम फस्त करतं, आणि रिपोर्टवर 'आर' येतो. अॅझट्रिओनाम एकटं दिलं तर ईएसबीएल ते फस्त करतात, पुन्हा 'आर'. दोन्ही एकाच वेळी रक्तात असली की एव्हिबॅक्टम ईएसबीएलना अडवतं, एनडीएमला अॅझट्रिओनाम तोडता येत नाही, आणि अॅझट्रिओनाम जंतूची भिंत बांधणं बंद पाडतं. यात सेफ्टाझिडाइम बिचारं नवरदेवासोबत आलेल्या वऱ्हाडासारखं आहे. एव्हिबॅक्टम सुटं मिळत नाही म्हणून ते येतं. अॅझट्रिओनाम आणि एव्हिबॅक्टम यांचं थेट मिश्रण युरोपात २०२४ मध्ये आणि अमेरिकेत २०२५ मध्ये मंजूर झालं. ते हाताशी नसेल तिथे डॉक्टर दोन बाटल्यांमधून तेच मिश्रण शरीरात तयार करतात.

लॅबमध्ये हे डोळ्यांनी दिसतं, म्हणून सांगते. चार नळ्या घ्यायच्या, चारीत सारखाच द्रव. पहिलीत औषध नाही. दुसरीत अॅझट्रिओनामची कागदी चकती टाकायची, तिसरीत सेफ्टाझिडाइम-एव्हिबॅक्टमची, चौथीत दोन्ही. अर्धा तास थांबायचं, तेवढ्यात चकत्यांमधलं औषध द्रवात उतरतं. मग चारही नळ्यांत रुग्णाचा जंतू मोजून घालायचा आणि रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या. सकाळी पहिल्या तीन नळ्या ताकाच्या निवळीसारख्या गढूळ दिसतात आणि चौथीतून पलीकडचं छापील अक्षर वाचता येतं. तुमच्या डॉक्टरांनी ही तपासणी मागवली आहे का, एवढं विचारा. मागवली नसेल तर मागवण्याजोगी आहे. क्लेब्सिएलामध्ये ही जोडी बहुतेक वेळा चालते. ई. कोलाय असता तर मी जास्त सावध राहिले असते. आपल्याकडच्या एनडीएमवाल्या ई. कोलायमध्ये अॅझट्रिओनाम ज्या प्रोटीनला जाऊन चिकटतं त्या प्रोटीनचीच घडण बदललेली बरेचदा सापडते, आणि मग चौथी नळीसुद्धा गढूळ निघू शकते.

रुग्णांमध्ये याचा उपयोग होतो का? इटली आणि ग्रीसमधल्या रुग्णालयांनी अशाच जंतूंचा रक्तात संसर्ग झालेल्या १०२ रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये छापला. ही जोडी मिळालेल्यांत तीस दिवसांतले मृत्यू सुमारे १९ टक्के होते, इतर औषधं मिळालेल्यांत ४४ टक्के. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला हा प्रयोग नव्हता, त्यामुळे आकडा डोळे झाकून घेऊ नका. पण कारणमीमांसा पक्की आहे, नळीत दिसतं आहे आणि रुग्णांमध्येही त्याच दिशेचा फरक आहे. या तीन गोष्टी एका ओळीत येणं आमच्या धंद्यात फार वेळा घडत नाही.

कारण उलटी उदाहरणं भरपूर आहेत. मेरोपेनेम चालत नाही असा रिपोर्ट आला की कोलिस्टिन हे अखेरच्या फळीतलं अँटिबायोटिक चालू करायचं, आणि 'असू दे जोडीला' म्हणून मेरोपेनेमही चालूच ठेवायचं, ही सवय बऱ्याच आयसीयूंमध्ये होती. नळीत दोघांचं छान जमायचं. मग इस्राएल, ग्रीस आणि इटलीत ४०६ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, २०१८ मध्ये ती छापून आली. एका गटाला एकटं कोलिस्टिन, दुसऱ्याला कोलिस्टिन आणि मेरोपेनेम. निकालात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्यातले बहुसंख्य जंतू अॅसिनेटोबॅक्टर या वेगळ्या जातीचे होते, त्यामुळे क्लेब्सिएलाबद्दल ती चाचणी शेवटचा शब्द नाही, हे खरं. तरी तुमच्या वडिलांचं मेरोपेनेम आता बंद केलंय का, हे विचारायला हरकत नाही. एनडीएम असलेल्या जंतूपुढे त्याचं काम उरलेलं नाही.

नळीत जमणं आणि माणसात जमणं यांत अंतर का पडतं? लॅबमध्ये जोडी तपासायची नेहमीची पद्धत म्हणजे ९६ खळग्यांची प्लेट. आडव्या रांगांत एक औषध पातळ करत न्यायचं, उभ्या रांगांत दुसरं, आणि कोणत्या खळग्यात जंतू वाढला नाही ते बघायचं. त्यातून एक निर्देशांक निघतो, तो ०.५ किंवा त्याहून कमी आला तर जोडी एकमेकांना बळ देते, चारच्या वर गेला तर एकमेकांच्या पायात पाय घालते, मधलं सगळं 'फरक नाही' मध्ये जातं. पण खळग्यात औषधाचं प्रमाण रात्रभर सारखं राहतं. माणसात ते डोसनंतर चढतं, किडनीवाटे उतरतं, पुवाच्या पोकळीत जेमतेम पोचतं. म्हणून नुसत्या निर्देशांकावर औषध ठरवायला मी कधीच सांगत नाही.

आणि पायात पाय घालण्याचं उदाहरण नुसतं पुस्तकातलं नाही. १९५१ मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात न्यूमोकॉकस या जंतूच्या मेंदूज्वराचे रुग्ण दोन प्रकारे हाताळले गेले होते. काहींना फक्त पेनिसिलिन, काहींना पेनिसिलिन आणि ऑरिओमायसिन, म्हणजे टेट्रासायक्लिनच्या घरातलं औषध. दुसऱ्या गटात ७९ टक्के दगावले. एकटं पेनिसिलिन मिळालेल्यांत त्याहून कितीतरी कमी. पेनिसिलिन जंतूला भिंत बांधत असताना गाठतं. ऑरिओमायसिन जंतूची वाढच थांबवतं. बांधकामच थांबलं तर पेनिसिलिननं मारायचं कशाला? यावरून 'मारणारं आणि थोपवणारं औषध एकत्र देऊ नये' असा नियम पाठ्यपुस्तकांत गेला आणि आम्हीही तो घोकला.

पण थोपवणारं औषध जोडीला आलं की नेहमी नुकसानच होतं असंही नाही, बरं का. पावसाळ्यात येऊरच्या पायथ्याकडून किंवा शहापूर-मुरबाडकडून ताप, प्लेटलेट उतरलेल्या, लिव्हरवर परिणाम झालेला असा रुग्ण आला की यादीत डेंग्यू, लेप्टोच्या जोडीला स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप, हाही धरावा लागतो. गंभीर स्क्रब टायफसवर भारतातल्या सात केंद्रांत सुमारे ८०० रुग्णांवर चाचणी झाली, २०२३ मध्ये ती छापली गेली. शिरेतून डॉक्सिसायक्लिन, शिरेतून अॅझिथ्रोमायसिन, किंवा दोन्ही. गुंतागुंत, पाचव्या दिवशीही न उतरलेला ताप आणि मृत्यू हे सगळं एकत्र धरून जी वाईट गत मोजली, ती एकेकट्या औषधात ४७-४८ टक्क्यांना आली, दोन्ही दिलेल्यांत ३३ टक्क्यांना. दोन्ही थोपवणारीच औषधं, दोन्ही जंतूच्या प्रोटीन बनवण्याच्या यंत्रणेवर हल्ला करणारी, फक्त वेगवेगळ्या भागांवर. केवळ मृत्यूंचा आकडा पाहिला तर गटांत फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

एकमेकांना बळ देण्याचं जुनं, पक्कं उदाहरण म्हणजे हृदयाच्या झडपेवर बसलेला एन्टेरोकॉकस नावाचा जंतू. जेंटामायसिनला त्याच्या आत शिरता येत नाही. अॅम्पिसिलिननं भिंत ढिली केली की जेंटामायसिन आत जातं. जेंटामायसिन आत गेलं तरी त्याला दाद न देणारी, अशी या जंतूची एक जात असते, म्हणून लॅबमध्ये नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ताकदीची, १२० मायक्रोग्रॅमची जेंटामायसिन चकती लावून बघतात. तिच्याभोवती जंतू अगदी काठापर्यंत वाढला तर जोडीचा फायदा मिळणार नाही, वर किडनी आणि कानाला त्रास मात्र मिळेल. तेव्हा डॉक्टर अॅम्पिसिलिनबरोबर सेफ्ट्रिअॅक्सोन देतात, जे एकटं दिलं तर एन्टेरोकॉकसचं काही वाकडं करत नाही. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टसारखीच ही गंमत.

टीबीमध्ये जोडी देण्याचं कारण निराळं आहे. तिथे मुख्य काम असतं ते न जुमानणारा जंतू निपजू न देण्याचं. आयसोनियाझिडला मुळातच न जुमानणारा टीबीचा जंतू ढोबळमानानं दहा लाखांत एक असतो, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटींच्या घरात जंतू असू शकतात. म्हणजे एकच औषध दिलं तर न जुमानणारे तिथे आधीच बसलेले आहेत; बाकीचे मेले की मैदान त्यांचंच. दोन्हींना एकाच वेळी न जुमानणारा शोधायला एकावर चौदा शून्यं इतके जंतू लागतील, तेवढे माणसाच्या शरीरात मावत नाहीत. स्ट्रेप्टोमायसिनची पहिली मोठी चाचणी १९४८ मध्ये छापली गेली तेव्हा हे अनुभवानं कळलं होतं: रुग्ण आधी सुधारले, मग काही महिन्यांत त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे जंतू औषधाला सरावले. आज सरकारी कार्यक्रमात पहिले दोन महिने चार औषधं एकाच गोळीत देतात ती याच हिशोबानं. कोणी 'एवढ्या औषधांनी उष्णता होते' म्हणून त्यातलं एखादं कमी करायला सांगितलं तर ऐकू नका.

तिसरं कारण रोजच्या व्यवहारातलं. जंतू कोण आहे हे कळायला दोन-तीन दिवस लागतात, आणि बीपी उतरलेला रुग्ण तेवढा थांबू शकत नाही. मग जाळं मोठं टाकतात. न्यूमोनियात सेफ्ट्रिअॅक्सोनबरोबर अॅझिथ्रोमायसिन देतात, कारण पहिल्याला भिंत नसलेले जंतू सापडत नाहीत. हे योग्यच आहे, पण ही जोडी अंदाजावर उभी असते. कल्चर आलं की त्यातलं एक औषध उतरायला हवं. माझी तक्रार असते ती इथे. चढवायला सगळे तयार असतात, रिपोर्टनंतर उतरवायला हात धजत नाही. व्हँकोमायसिन आणि पिपरासिलिन-टाझोबॅक्टम दोन्ही आठवडाभर चालू, किडनीचं काम मंदावल्याचं दाखवणारं क्रिएटिनिन चढतंय, आणि व्हँकोमायसिन लागेल असा जंतू रिपोर्टमध्ये कुठे नाहीच, अशी फाइल मी किती वेळा पाहिली असेल.

आता केमिस्टची गोळी. ऑफ्लोक्सासिन आणि ऑर्निडाझोल. यात दोन औषधं एकमेकांना मदत करत नाहीत, न जुमानणाऱ्या जंतूंनाही अडवत नाहीत. कल्पना एवढीच की जुलाब बॅक्टेरियाचे असले तर एक लागेल, अमिबाचे असले तर दुसरं. बहुतेक जुलाबांना दोन्ही लागत नाही, ओआरएस लागतं. रक्त-आव पडत असेल तर शौचाची तपासणी करून एक काय ते ठरवता येतं. शिवाय ऑफ्लोक्सासिनच्या गटातल्या औषधांनी मधुमेह्यांची साखर वरखाली होते, तेव्हा तुमच्या घरात तर ही गोळी डब्यात असूच नये. चिठ्ठीशिवाय ती विकायचीही नसते. पट्टीवरची उभी लाल रेघ त्यासाठीच आहे.

मिश्रणाची प्रत्येक गोळी वाईट असते असं मात्र मुळीच नाही. '६२५' नावानं सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोळीत ५०० मिलिग्रॅम अॅमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड असतं, आणि क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडचं काम एव्हिबॅक्टमच्याच जातीचं आहे. कोट्रायमोक्सॅझोलची दोन औषधं जंतूच्या फोलेट बनवण्याच्या लागोपाठच्या दोन पायऱ्या अडवतात. हिशोब करून बांधलेल्या जोड्या आहेत या. बाजारात हिशोब नसलेल्याही पुष्कळ होत्या: केंद्र सरकारनं २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी घातली, २०२४ मध्ये आणखी १५६ वर, त्यात अँटिबायोटिकंही होती. आणि हे दूरचं प्रकरण नाही. एनडीएमचा जीन प्लास्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, बसलेला असतो आणि आतड्यातल्या एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो. गरज नसताना घेतलेल्या प्रत्येक कोर्समध्ये आतड्यातले साधे जंतू मरतात आणि अशांना जागा होते.

वडिलांच्या बाबतीत काही गोष्टींकडे लक्ष ठेवा. ही दोन्ही औषधं एकाच वेळी, शक्य तो एकत्र चालू करून दोन-तीन तासांत सावकाश जायला हवीत. सकाळी एक, दुपारी दुसरं असं झालं तर मधल्या वेळात दोन्ही एकेकटीच राहतात, आणि एकेकट्याचा निकाल तुमच्या रिपोर्टवर आहेच. क्रिएटिनिन बदललं की डोस बदलतो, त्याची रोज विचारणा करा. लिव्हरच्या तपासण्याही अधूनमधून होत आहेत ना, ते बघा. कॅथेटर घातलेली असेल तर ती बदलली का, मूत्रपिंडात पू किंवा खडा अडकलाय का यासाठी सोनोग्राफी झाली का? पू तसाच राहिला तर कुठलीही जोडी हात टेकते. आणि औषधं तुम्हालाच बाहेरून आणायला सांगितली असतील तर दोन्ही एकदम आणा. ठाण्यात एक मिळालं आणि दुसरं वाशीहून किंवा परळहून उद्या येणार असेल, तर मिळालेलं एकटंच लावण्याआधी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. मधल्या तासांसाठी त्यांना दुसरं काही चालू ठेवावं लागेल.